मोडीला निघालेली अंगठी

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट, पण कल्याणची ती अंगठी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. आमच्या पोलीस ठाण्यात मी एकटी बाई शिपाई. बायकांची झडती, बायकांचे जबाब, सगळं माझ्याकडे.

एका नोकरदाराची बायको फिर्याद द्यायला आली. लग्नात सासूने घातलेली हिऱ्याची अंगठी कपाटातून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती सराफाकडे मोड म्हणून द्यायची आणि वर भर घालून मोठा हिरा घ्यायचा, असं ठरलेलं. शेजारणीने खबर दिली, की धुणंभांड्याची बाई पदराखाली पुरचुंडी लपवून गेली. बाई जवळच्या आंबिवली गावची. पंचांसमोर तिच्या घराची झडती झाली. पुरचुंडीत निघाली तांदळाची कणी. कुणी दिली विचारलं, तर बाई गप्प. फौजदारसाहेब म्हणाले, गप्प आहे म्हणजे हिनेच घेतली, उद्या कोर्टापुढे उभी करू.

मला मात्र एक कोडं सुटेना. अंगठी इतकी वर्षं त्याच कपाटात, बाई रोज त्याच घरात. मग नेमकी मोड द्यायच्या आदल्या दिवशीच कशी गेली? गेले आपली सराफाकडे. तो म्हणाला, जुनी घडण, बंद कोंदण, मागून काही दिसत नाही. मोड घ्यायची तर कोंदण उकलून हिरा बघावा लागेल, हे मी सासू-सुनेला सांगितलं होतं. बाईला यातलं काय ठाऊक? कोंदण उकलायची भीती घरातल्याच कुणाला तरी असणार.

ठाण्यात परत येऊन बाईजवळ जमिनीवरच बसले, तिला चहा दिला. चहा पिता पिता हळूच बोलली, "कणी आजींनी दिली. सूनबाईंना कळू देऊ नको म्हणाल्या."

त्यांच्या घरी गेले, तर सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "आजी, बाईला उद्या कोर्टात नेतायत. तुमच्या कणीपायी तिने तोंड शिवून घेतलंय."

त्यांचा हात थांबला. कनवटीतून अंगठी काढून माझ्यापुढे धरली. "हिरा नाही गं तो. मुलाला लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा विकला, काच बसवली. सुनेला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मला नको, ठाण्यात येऊन त्या बाईसमोर सांगा," मी म्हटलं.

ठाण्यात येऊन त्यांनी साहेबांपुढे, सुनेपुढे, बाईपुढे सगळं सांगितलं. सुनेने अंगठी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. मग विचारलं, "यांना माहीत आहे?" सासू नाही म्हणाल्या. "मग नका सांगू," म्हणत तिने ती बोटात घातली. मोठ्या हिऱ्याचं तिथेच राहिलं.

बाईला सोडलं. सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून ये गं.

"येईन की," बाई म्हणाली. "पण निघताना माझा पदर सगळ्यांदेखत झाडून बघत जा."

पुढे नोकरीत किती जबाब घेतले, पण कुणी गप्प बसलं की मी आधी विचार करायची, हा माणूस कुणासाठी गप्प आहे. मुद्देमाल परत दिल्याची नोंद तेवढी त्या दिवशी झाली. बाईचं जे गेलं, त्याला पंचनाम्यात रकाना नव्हता.