नारिंगी टोकांची स्की

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या आमच्या गॅरेजमध्ये गाडीला कधी जागा मिळाली नाही. एका भिंतीशी एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाचा निळा पडदा आणि घडीच्या खुर्च्या, दुसऱ्या भिंतीला नवऱ्याच्या स्की, बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच्याकडे पाच जोड्या झाल्या होत्या. पाय दोनच आहेत, हे मी त्याला दर खरेदीला ऐकवायचे.

"तू एकाच चपलेवर लग्नालाही जातेस आणि बाथरूमलाही?" तो म्हणायचा.

आम्ही दोघं नागपूरचे. बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, एवढीच आमची ओळख. आणि हा माणूस मला बर्फाच्या जाती शिकवायचा. यंत्रानं दाबून कडक केलेल्या उतारासाठी अरुंद, कडांना धार लावलेली जोडी. ताज्या भुसभुशीत बर्फासाठी रुंद. सपाटीवर चालायला हलकी. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि खड्याच्या मिठासारखा होतो, त्याच्यासाठी एक जुनी, ओरखडे पडले तरी चालतील अशी. पाचवी डोंगर चढायची. तिच्यात टाच मोकळी राहायची. तळाला केसाळ पट्टी चिकटवली की चढावर पाय मागे घसरत नसे. वर पोचलं की पट्टी सोलून काढायची आणि घसरत खाली यायचं. ही जोडी त्याने एका शाळेच्या जिममध्ये भरणाऱ्या जुन्या स्कींच्या बाजारातून आणली होती. तिची टोकं भडक नारिंगी होती. रस्त्याच्या कामावर ठेवतात ते कोन पायांना बांधलेस का, असं मी विचारलं होतं.

डोंगर चढण्याचं वेड लावलं ते तीन घरं पलीकडे राहणाऱ्या एका रिटायर्ड अमेरिकन शेजाऱ्यांनी. आम्ही आपसात त्यांना बर्फकाका म्हणायचो. हिवाळ्यात दर दुसऱ्या शनिवारी पहाटे ते आम्हाला सिएराच्या डोंगरात न्यायचे. त्यांचा एकच हट्ट होता. प्रत्येकाने छातीला एक यंत्र बांधायचं. साबणाच्या डबीएवढं, त्यावर सारखा लुकलुकणारा लाल दिवा. माणूस घसरत्या बर्फाखाली गाडला गेला तर त्याचं यंत्र खालून इशारा देत राहतं, वरच्यांनी आपापली यंत्रं ऐकण्यावर लावायची आणि टीक-टीक मोठी होत जाईल तिकडे खणायचं. डोंगरावर पाय ठेवताना दिवा चालू, गाडीपाशी परतल्यावर बंद, मध्ये हात लावायचा नाही.

आता माझ्याबद्दल. आमच्या घरी एका बल्बखाली तीन भावंडांनी अभ्यास केला. टॉर्चचे संपलेले सेल आम्ही उन्हात वाळवून आणखी चार दिवस वापरायचो. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं नाही तर बाबा परत बोलावून बंद करायला लावायचे. अमेरिकेत दोन पगार येत असतानाही मी नवऱ्यामागे बटणं बंद करत हिंडायचे. तो बाथरूममध्ये असताना मी दोनदा दिवा घालवला आहे. "जित्याची खोड," तो आतून म्हणायचा.

त्या शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. आम्ही तिघं डोंगराच्या एका सोंडेवर चढलो आणि पोळीभाजी खायला बसलो. बर्फकाका पुढचा उतार बघायला गेले. नवरा घामाने भिजला होता, म्हणून त्याने यंत्र काढून पिशवीवर ठेवलं आणि शर्ट बदलू लागला. पिशवीवर तो दिवा एकटाच लुकलुकत होता. कुणासाठी? मी बटण सरकवून तो बंद केला. हात आपोआप गेला, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण ते खरं नाही. जेवण होईपर्यंत तेवढेच सेल वाचतील, असा नीट विचार माझ्या मनात आला होता.

बर्फकाका परत आले ते घाई करत. ऊन वाढलं की उतार बिघडेल, लगेच निघू या, म्हणाले. मी डबे भरले, यंत्र उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, त्याने न बघता बांधलं आणि वरून जॅकेट चढवलं.

बर्फकाका आधी उतरले आणि खाली झाडांपाशी थांबले. मग नवरा निघाला. त्याने चौथं वळण घेतलं आणि त्याच्या वरच्या अंगाला बर्फात एक रेघ उमटली. चादर ओढावी तसा अख्खा उतार त्याला घेऊन निघाला. आवाज फार झाला नाही. मग सगळं थांबलं आणि उतारावर माझा नवरा नव्हता.

मी कशी उतरले आठवत नाही. बर्फकाका यंत्राच्या वायरचं ऐकायचं बोंडूक कानाला लावून आडवे-उभे चालत होते. मीही माझं कानाला लावलं. काहीच नाही. त्यांनी यंत्र झटकलं, पुन्हा लावलं. "यातून काही येत का नाही?" ते पुटपुटले.

मला तेव्हाच आठवलं. अंगठ्याखाली बटण सरकलेलं मला पुन्हा जाणवलं, इतकं स्पष्ट.

मी सांगायला हवं होतं. यंत्र बंद आहे, कान सोडा, डोळ्यांनी शोधा, एवढंच. माझं तोंड उघडलं नाही. भीतीने नाही, लाजेने. माझा माणूस खाली गुदमरत होता आणि मला लाज वाटत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एक मिनिट असेल, दोन असतील. बर्फकाका भलत्याच बाजूला शोधत गेले आणि मी कानाला मुकं यंत्र लावून उभी राहिले.

मग मला ते दिसलं. वीतभर नारिंगी टोक.

आम्ही फावड्यांनी खणलं, मग हातांनी. त्याचा चेहरा निळा पडला होता. बर्फकाकांनी बोट घालून तोंडातला बर्फ काढला, तेव्हा तो खोकला. डोळे उघडल्यावर तो मला म्हणाला, "दुसरी स्की कुठंय?"

बर्फकाकांनी त्याचं जॅकेट उघडून यंत्र पाहिलं. दिवा बंद होता. नवऱ्यानेही खाली पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्याकडे वळून म्हणाला, "माय मिस्टेक. लंचनंतर ऑन करायचं राहिलं."

मी गप्प राहिले. हे दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी बर्फकाका दारात आले. आत आले नाहीत. नवरा माझ्या मागे उभा होता, तरी ते माझ्याशीच बोलले. "तू केअरफुल आहेस. तू येत जा. त्याला मी यापुढे नेणार नाही. असा माणूस बरोबर असला तर कुणीतरी मरेल."

नवऱ्याने मान डोलावली. दार लावल्यावर तो मला म्हणाला, "या घरात बटणं कोण बंद करतं, मला माहीत नाही का? जाऊ दे. त्यांना कळलं तर तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." हे तो चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात त्याने चार जोड्या दोरीने बांधून ठेवल्या, जुन्या बाजारात देऊन टाकायला. नारिंगी टोकाची उरलेली एकटी स्की मात्र मांडीवर घेऊन पुसत बसला होता. गॅरेजच्या दारातून मी ते पाहिलं आणि पायात स्लिपर होत्या तशीच तीन घरं चालत गेले.

बर्फकाका अंगणात पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"मला सिग्नल येत नव्हता, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

ते पायरीवर बसले. त्यांनी पाइप गुंडाळून बाजूला ठेवला. शेवटी म्हणाले, "त्याला सांग, शनिवारी पहाटे पाच. खालच्या सोप्या उतारावर जाऊ. त्याला स्की मी देतो." मग माझ्याकडे न बघता, "तू येऊ नकोस."

त्यानंतर मी कधी गेले नाही. त्यांनी बोलावलंही नाही.

शनिवारी पहाटे नवरा तयार होऊन गाडीपाशी उभा होता. थंडी वाजू नये म्हणून मी त्याच्या जॅकेटची चेन वर ओढायला गेले, तर छातीवर लाल दिवा लुकलुकत होता. इथे, फ्रीमाँटमध्ये, आमच्या दारात. बर्फ चार तास लांब होता.

"आत्तापासूनच?" मी विचारलं.

"आत्तापासूनच," तो म्हणाला.

सेल संपतील, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.