रुसलेला अनार

"हात नोका लावू त्याले. रुसला हाये तो!"

दिवाळीत पेटता पेटता विझलेल्या अनाराकडे बोट दाखवून आमचे शेजारी, कापडदुकानदार काका, असे ओरडले की बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीतली सारी मुले जागच्या जागी थबकत. रुसलेल्याची मनधरणी करायची नाही. बराच वेळ दुरूनच वाट पाहायची आणि मग काका त्याच्यावर बादलीभर पाणी ओतणार, असा नियम होता. मी रसायनशास्त्राची पदवीधर. आत धुमसणारी दारू केव्हाही भडकू शकते, हे मी मुलांना आकृती काढून समजावत असे. मुले आकृतीला मिशा काढत.

असे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. पण त्यांच्या नियमाची अशी परीक्षा झालेली बहुधा पाहिली नसेल.

काकांच्या मुलीचा पहिला दिवाळसण होता. आंजी गावचे जावई सासऱ्यांनीच दिलेला नवा सूट घालून अंगणात उतरले. एक अनार विझला. जावई तो पाहायला वाकले. काका ओरडले, जावई हसले. तेव्हा काकांनी बादलीच फेकली. काकांचा नेम कधीच चांगला नव्हता. अनार कोरडा राहिला आणि जावई निथळू लागले. दचकून त्यांनी बाजूला उडी मारली, तोच अनार भसकन पेटला.

डोळे वाचले, पण सारी गल्ली हसली. "मी आत्ताच आंजीले चाललो," म्हणून जावई ओट्याच्या टोकाला पाठ फिरवून बसले. काकांचा चेहरा उतरला. जावई असे उपाशी परतले, तर मुलीला ते जन्मभर ऐकावे लागणार होते. ती टॉवेल घेऊन धावली. मुलांनी हात पसरून तिला अडवले.

"ताई, जवळ नोको जाऊ! रुसला हाये तो!"

"अरे, नवरा हाये तो माझा!"

"पानी तर टाकलं काकानं," एक चिमुरडी गंभीरपणे म्हणाली, "मंग हा अजून काऊन तडतडून राह्यला?"

जावयांची पाठ हलू लागली. आम्हाला वाटले, थंडीने. मग ते मोठ्याने हसले आणि त्यांनी टॉवेल मागितला. दिवाळसणाचे जेवण त्यांनी काकांच्या लुंगीत केले.

पुढे काही वर्षांनी काकू वारल्यावर जावई काकांना कायमचे आंजीला घेऊन गेले. यंदा दिवाळीत मी व्हिडिओ कॉल केला. जावई लांब उदबत्तीने अनार पेटवत होते आणि काका हौसेने अगदी जवळ आले होते.

"बाबा, बाजूले व्हा."

काका सरकले.

"अजून, बाबा."

सरकत सरकत काका पडद्याबाहेर गेले. अनार उसळला. मला फक्त त्यांच्या टाळ्या ऐकू आल्या.