निवट्यांचे कल्ले

भर एप्रिलात हातात स्वेटर घेऊन कामाला जाणारी बाई कशी असेल, हे पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या इमारतीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यात वय तेहतीस आणि लग्न नाही, म्हणजे बघायलाच नको. मला अशा लोकांचा संताप येतो. पण खरं सांगते, समोरच्या फ्लॅटमधल्या विनिताला सहा महिने मीही दाराच्या भिंगातूनच पाहिलं.

मग एकदा तिचा गॅस संपला, ती माझ्याकडे चहाला आली आणि उलगडा झाला. ती उरणकडच्या खाडीकाठची, कोळ्यांची. पोस्टडॉक करत होती, म्हणजे शिकून झालंय आणि नोकरी लागलेली नाही, अशी अधांतरी. संशोधन निवटीवर, खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या त्या मासळीवर.

"काकू, पेशीभोवती पातळ पडदा असतो, त्यात प्रथिनांची दारं असतात. निवटीच्या कल्ल्यांतलं असं एक दार अंगातलं जादा मीठ बाहेर टाकतं. ते दार दिसतं कसं, एवढंच मी शोधतेय."

ते प्रथिन उबेला विस्कटतं, म्हणून ती दिवसभर थंडगार खोलीत एकटी काम करायची. स्वेटर त्यासाठी.

"दिवसभर बोलतेस तरी कुणाशी?"

"बाबांशी बोलायचे."

तिचे वडील, दयाराम, जिवंत निवट्या बादलीत घालून एसटीने पनवेलला आणायचे आणि स्टँडवरच बसून त्या दाराचं कुठवर आलं ते विचारायचे. दिवाळीत ते गेले. तेव्हापासून विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं. आपल्याला काय कळतंय, म्हणून मी गप्प राहिले.

तिची फेलोशिप महिनाअखेर संपत होती. मोठ्या मायक्रोस्कोपवर तिला एकच दिवस मिळाला होता, शुक्रवार. सोमवारी संध्याकाळी ताजे कल्ले हाती आले, तरच प्रथिन तोवर तयार होणार होतं. दाराचा आकार दिसला तर पेपर, आणि पेपर असला तर पुढे कुठे नोकरी. तिने आईला फोन केला, निवट्या हव्यात, सोमवारी पोचव.

सोमवारी संध्याकाळी तिची आई, जनीबाई, स्वतः आल्या. साठीच्या बाईने गुडघाभर चिखलात उतरून निवट्या धरल्या होत्या. पण हातात बादली नव्हती, स्टीलचा डबा होता. विनिताने माझ्यादेखत झाकण काढलं. निवट्या राखेत घोळून, चोळून, चार पाण्यांनी धुतलेल्या. एकीलाही कल्ले नव्हते.

"सगल्या साफ करून आनल्यात," जनीबाई म्हणाल्या. "दमून येतेस. तुला येल कुटं हाय?"

लेकीकडे मासळी तशीच घेऊन जाईल, ती कोळीण कसली? जनीबाईंचं काहीच चुकलं नव्हतं. विनिता डब्याकडे बघत खाली बसली आणि रडायला लागली.

"मला कल्लेच हवे होते, आये. जिवंत माशाचे."

"ते मांजरीला टाकलं," जनीबाई हळू म्हणाल्या. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि बराच वेळ ते दाबून धरलं. "बापाला सगला सांगायचीस. मना कंदी सांगितलास? मना वाटला, बाप जित्या न्यायचा त्या बी पोरीला खायालाच."

विनिताने आईचा हात डब्यावरून काढून आपल्या हातात घेतला.

"मंग आता सांग," जनीबाई म्हणाल्या.

विनिता डोळे पुसून सांगू लागली. पडदा, दार, मीठ. शुक्रवार हातचा गेला होता, नोकरीही बहुतेक गेलीच होती, तरी ती सांगत राहिली. जनीबाईंना त्यातलं काही कळत असेल असं मला वाटत नाही. पण त्या मान हलवत होत्या, मध्येच "मंग?" म्हणत होत्या.

मी उठून समोर माझ्या घरी आले. एवढं साधं "मग?" मला इतक्या दिवसांत एकदाही म्हणता आलं नव्हतं.