एका पानाचं पत्रक

आमच्या घरात पत्रकाचे दोन नियम होते. मजकूर एका पानात बसवायचा आणि सगळ्यात मोठी मागणी शेवटी लिहायची, ठळक अक्षरांत. शेवटचंच लक्षात राहतं, असं बाबा म्हणायचे. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या पत्रकांवर.

म्हणून सिमरोल गावाकडच्या खासगी होस्टेलांत पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं हिंदी पत्रक वेबसाइटवर टाकायचं ठरलं, तेव्हा मी लॅपटॉप बाबांच्याच टेबलावर मांडला. कोड लिहायला एडिटर टाकला आणि प्रत्येक बदल कारणासकट जपून ठेवणारं गिट. बाबांना नवल गिटचं.

"म्हणजे खोडलेलंपण राहतं? गजब आहे!"

बदलाचं कारण लिहायची वेळ आली की ते सांगायचे, मी टाइप करायचे.

संध्याकाळी बायका जमणार होत्या. दुपारी पान उघडून पाहिलं तर शेवटची मागणी गायब. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी! सगळी धडपड तिच्यासाठीच होती. वेबसाइट ज्या कामगार मंडळाची होती, तिथल्या काकांना ही मागणी आधीपासून 'जरा जास्त' वाटत होती.

"काकांनीच कापली! आत्ता फोन लावते."

"पुरावा आहे? बिना पुराव्याचं पत्रक काढतो का आपण?"

मी धुसफुसत ब्राउझरमध्ये 'इन्स्पेक्ट' उघडलं. बाजूला पानाचा सगळा सांगाडा दिसू लागला, आणि त्यात ती ओळ होती, जशीच्या तशी! मग पानावर का नाही? राग बाजूला राहिला. मी पानाच्या मांडणीचा एकेक नियम बंद करून बघू लागले. रंगाचा बंद केला, काही नाही. अक्षरांच्या आकाराचा केला, काही नाही. पानाच्या उंचीचा बंद केला आणि ओळ तळाशी उमटली.

हा उंचीचा नियम आला कशाला? गिटमध्ये कारण होतं: 'पत्रक एका पानाच्या वर जाऊ नये.'

बाबा चष्मा पुसू लागले. "हे तर मीच सांगितलं होतं."

"आणि काका फोकट शिव्या खाणार होते."

"पण मग इथे पान संपतं कुठे?"

"संपतच नाही, बाबा."

ते बोटाने पान खाली-वर सरकवत राहिले. मग म्हणाले, "उंची काढ. सुट्टीची ओळ वर घे, सगळ्यात आधी."

"कारण काय लिहू?"

"लिही, कुणाला शोधायला लागू नये."

संध्याकाळी एकीने मोबाइलवर पत्रक उघडलं आणि पहिलीच ओळ मोठ्याने वाचली. बाकीच्यांनी तिला ती पुन्हा वाचायला लावली.