अक्काचा पंप

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, अक्काला, एक वाक्य कधी एका दमात बोलता आलं नाही. अर्ध्यावर थांबायची, छातीला हात लावायची. कुणी घाईने तिचं वाक्य पुरं केलं की चिडायची. "थांब गो. माझं मी बोलंन."

शेणवे गावाजवळच्या आमच्या घरात तिचा दमा कुणी आजार म्हणून धरला नव्हता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला राब पेटवला की धूर अंगणात साचायचा आणि अक्का गुडघ्यांवर कोपरं टेकून पायरीवर बसायची. सासूबाई म्हणायच्या, "कामाच्याच टायमाला कसा दम लागतो?" पाल्याचे भारे एकटीने वाहताना मलाही तेच वाटायचं.

एका वर्षी त्या धुरात तिचे ओठ निळे पडले. जीप करून शहापूरला नेलं. डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक दम लागल्यावर घ्यायचा. दुसरा रोज, घेतला की चूळ भरायची. "बरं वाटलं म्हणून बंद करू नका. आतली सूज दिसत नाही," असं त्यांनी बजावलं. अक्काला बरं वाटलं आणि तिने बंद केला. पुन्हा जीप. त्यानंतर मात्र तिचा रोजचा पंप चुकला नाही.

फक्त ती तो लपवून घ्यायची. दोन्ही पंप ओटीवरच्या पेटीत, साड्यांखाली. कारण रंजना, तिची मुलगी, लग्नाची होती. "लोकं म्हनतील, घरान्यात दमा हाये."

मुरबाडकडचे पाहुणे रंजनाला बघायला आले, तेव्हा अक्का आत पोह्यांना फोडणी देत होती. मिरचीचा ठसका लागला आणि छाती घरघरू लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. पेटी पाहुण्यांच्या पायाशी होती. मी दारात उभी राहिले, नुसती उभी. रंजनाने बसल्या जागेवरून मान वळवली, आईकडे पाहिलं, उठली. सगळ्यांदेखत पेटी उघडून पंप घेऊन आत आली. "आई, घे."

चार दिवसांनी नकार आला. रंजना म्हणाली, "बरं झालं." पुढच्या वर्षी अक्काने भाऊजींना, तिच्या नवऱ्याला, राब लांबच्या शेतात न्यायला लावला.

रंजनाचं लग्न पुढे टोकावड्याला झालं. तिथे आधीच सगळं सांगितलं होतं. भाऊजी गेल्यावर ती आईला न्यायला आली. मी फाट्यापर्यंत गेले. रंजना पिशव्या घेऊन एसटीत चढली, तेव्हा इतकी वर्षं अडकलेलं बोलले, "अक्का, त्या दिवशी मी पंप आनाया पाहिजे व्हता."

अक्का दारातला दांडा धरून थांबली. श्वास घेतला.

"मीच देवाला सांगत व्हते," ती म्हणाली, "कोनाला आनू देऊ नको."

कंडक्टरने बेल मारली.