हिरवा दिवा आणि माझं एक वाक्य

मी पोटासाठी जे लिहिते ते कोणी आवडीने वाचत नाही. एक कंपनी सर्व्हरांची राखण करणारं सॉफ्टवेअर बनवते. दर काही महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते आणि तिच्यासोबत ‘यात नवं काय’ असं एक पान येतं. ते पान मी लिहिते. इंग्रजीत लिहिते, मालवणजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून. दवाखाना, बँक, कारखाना, कुठेही सर्व्हर असला की त्याच्यावर कामं चालू असतात. त्या कामांवर नजर ठेवायची, अनोळखी प्रोग्रामला शिरू द्यायचं नाही, कुठली फाईल कोणी बदलली ते टिपायचं आणि राखण चालू असली की पडद्यावर हिरवा दिवा दाखवायचा, एवढं ते सॉफ्टवेअर करतं. माझं पान त्याची फुशारकी मारतं.

फुशारकीची भाषा मला घरातूनच मिळाली. माझे बाबा, गावच्या शाळेतले मास्तर, पारंपरिक मच्छीमारांसाठी पत्रकं लिहीत. मोठ्या पर्ससीन नौका किनाऱ्याजवळ येऊन सगळा मासा ओढून नेतात, याविरुद्धची ती पत्रकं होती. पिवळ्या, गुलाबी, हाताला खरखरीत लागणाऱ्या कागदावर छापलेली. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. ‘कदापि नाही’, ‘यापुढे सहन करणार नाही’, ‘अखंड लढा’ हे शब्द मला अर्थ कळण्याआधी पाठ होते. बाजाराच्या दिवशी मी ती वाटायची आणि कोणी न वाचता खिशात कोंबलं तर त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, “आधी वाचा.” मासे घ्यायला आलेली माणसं हसत आणि मी आणखी चिडत असे.

सांगायची गोष्ट गेल्या ऑक्टोबरची. भातकापणी चालू होती आणि रोज दुपारी चारच्या सुमाराला गडगडायचं. आमच्याकडे गडगडलं की घराघरात एकच हालचाल होते. टीव्हीची पिन काढायची, फ्रीजची काढायची आणि सगळ्यात आधी इंटरनेटची वायर ओढायची. वीज पडली की पहिला राउटर जळतो, हे इथे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेलं आहे. पुण्यातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. आमच्याकडे पोरसुद्धा अभ्यास सोडून वायरीकडे धावतं.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. मी त्यांना आंटी म्हणते. माहेर गोव्याचं, कॉम्प्युटर त्या म्हापशाला शिकल्या, लग्न होऊन इथे आल्या. महामार्गावर कसालच्या अलीकडे एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथले कॉम्प्युटर त्या नऊ वर्षं सांभाळतात, दरवर्षी नव्या करारावर. दोन सर्व्हर आहेत, पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत. एक्स-रे आणि तपासण्यांचे सगळे रिपोर्ट त्यांच्यावर. आणि त्यांच्यावर राखणीला आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. ही गोष्ट आम्हा दोघींना गमतीची वाटायची. “तुजो राखणदार आज बरो आसा हां,” असं त्या एसटीतून उतरता उतरता मला सांगत.

एका सकाळी दवाखान्यातले रिपोर्ट उघडेनात. बाहेरून कोणीतरी शिरून ते कुलूपबंद केले होते. आंटी रोज संध्याकाळी वेगळी प्रत काढून ठेवत, तिच्यावरून बहुतेक सगळं परत आलं. त्या प्रतीनंतर रात्रीपर्यंत जे आलं होतं ते गेलं. गावागावांतून आलेल्या काही म्हाताऱ्यांना पुन्हा एक्स-रेला यावं लागलं. एका आजोबांना तर मोडक्या पायाने.

मग चौकशी झाली. आंटींनी आपलं म्हणणं सांगितलं. सॉफ्टवेअरच्या नोंदीत दिसलं की आदल्या दुपारपासून सर्व्हरवर राखणीचा एकही नियम लागू नव्हता. आंटींना नोटीस आली. आठवड्याने, शनिवारी, विश्वस्तांची बैठक. खुलासा पटला नाही तर करार संपला.

नोटीस घेऊन त्या आमच्या पडवीत आल्या.

“वाच गो. माका धड कळणा नाय. मी राखण बंद केलंय म्हणतत.”

“केलास काय तुमी?”

“माझ्या सायबा! मी कित्याक बंद करतलंय? गडगडाक लागला म्हणान नेटची वायर काडलंय. मगे लाईट गेली, इन्व्हर्टर बसलो, मशीनी बंद पडून परत सुरू झाल्यो. आभाळ निवाळला तशी वायर लावलंय आणि बघलंय. दिवो हिरवो होतो.”

मी नोटीस वाचली. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘उत्पादक कंपनीच्या माहितीनुसार, इंटरनेट जोडणी तुटली तरी सदर सॉफ्टवेअरचे संरक्षण अखंड सुरू राहते. त्यामुळे वायर काढल्याने संरक्षण बंद झाले हा आपला दावा ग्राह्य धरता येत नाही. ते जाणीवपूर्वक बंद करण्यात आले असावे.’

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. ते वाक्य माझं होतं. दोन आवृत्त्यांपूर्वी मी लिहिलेलं. इंग्रजीतून मराठीत आलं होतं, तरी मी ओळखलं. ‘अखंड’ हा शब्द तर मला फार आवडला होता.

तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की आता राखण जोडणीशिवायही चालते. मी ते घेतलं, धार लावली आणि छापलं. तपासलं नाही. कोणी तपासलं का, हेही विचारलं नाही.

हे वाक्य माझं, हे मी आंटींना त्या वेळी सांगितलं नाही. “बघतंय,” एवढंच म्हटलं. त्या गेल्यावर मी घरच्या जुन्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर टाकलं, वायर ओढली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा हिरवा. वायर परत लावली. दिवा हिरवाच. आत जाऊन नियमांची यादी उघडली तर ती रिकामी. नुसती वायर निघाली तर ते ठीक चालायचं. पण वायर निघालेली असताना मशीन पुन्हा सुरू झालं तर ते नियमांशिवाय उठायचं आणि नियम ताजे करणारी दुसऱ्या दिवशीची फेरी येईपर्यंत तसंच राहायचं. पुण्या-बंगळूरच्या चाचणीघरात लाईट जात नाही आणि गडगडलं म्हणून कोणी वायर काढत नाही. दोन्ही गोष्टी एका दुपारी घडतात त्या आमच्याकडे.

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात नव्या आवृत्तीची यादी माझ्यासमोर होती. अकरा गोष्टी. तपासणी आता मशीनला दमवत नाही. आत येताना दोन वेळा ओळख द्यावी लागते. कुठलीही नवी पेटी, म्हणजे बाहेरून बांधून आलेला प्रोग्राम, सर्व्हरवर उघडण्याआधी तिची झडती होते. आणि नववी गोष्ट, आतल्या लोकांपुरती लिहिलेली: ‘जोडणीशिवाय पुन्हा सुरू झाल्यास नियम लागू होत नाहीत, दिवा हिरवा राहतो. दुरुस्त केले. आता शेवटचे नियम मशीनवरच साठवले जातात, आणि नियम नसतील तर दिवा पिवळा होतो.’

म्हणजे कंपनीला कळलं होतं. कुठल्यातरी दुसऱ्या गिऱ्हाईकाने सांगितलं असणार. पण ती आतली यादी मी बाहेर दाखवू शकत नव्हते. आंटींच्या हातात पडू शकेल असा एकच कागद होता, मी गुरुवारपर्यंत लिहायचं ते पान.

आमच्या टीमचा प्रमुख पुण्यात असतो. त्याने नवव्या गोष्टीसमोर आधीच शब्द सुचवले होते: ‘सुरू होण्याच्या प्रक्रियेत सुधारणा’. मी फोन केला.

“हे कशाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला कळणार नाही.”

“ज्याला कळायला हवं त्याला कळतं गं.”

“आधी काय बिघडलेलं होतं ते लिहायला हवं.”

“हे बघ, तू प्रत्येक पानावर मोर्चा काढतेस. हे ‘नवं काय’ आहे, ‘जुनं काय सडलं होतं’ नाही.”

एरवी मी भांडले असते. वाक्यं तयार होती. ग्राहकाचा हक्क, कंपनीची जबाबदारी, लपवाछपवी, सगळं ओळीने येत होतं. पण त्या सगळ्या वाक्यांत दोषी दुसरं कोणीतरी होतं. त्यातलं एकही मी वापरलं नाही.

“मग? ठरलं?” त्याने विचारलं.

“मागचं ‘अखंड’ मी लिहिलं होतं,” मी म्हटलं. “न तपासता. त्याच्या आधारावर इथे एका बाईंची नोकरी जातेय. शनिवारी.”

तो म्हणाला, “आणि ते वाक्य पास कोणी केलं होतं?”

“तू.”

“हं.” पलीकडे त्याने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. “दोन वाक्यं. तिसरं नाही. आणि विशेषणं नाहीत. वर मी बोलतो, पण वचन देत नाही.”

दोन वाक्यं लिहायला मला अख्खी दुपार लागली. बाबा शेजारी सुपाऱ्या सोलत बसले होते. मी त्यांना मसुदा मराठीत करून वाचून दाखवला.

“हेच्यात ‘काही परिस्थितीत’ कित्याक?” ते म्हणाले.

“असा लिवतत, बाबा.”

“कोण लिवतत?”

मला आठवलं, की बाबा प्रत्येक पत्रक छापायला देण्याआधी किनाऱ्यावर जाऊन मोठ्याने वाचत. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यासमोर, जाळी विणणाऱ्यांच्या घोळक्यात. कोणी म्हटलं, “असा जावक नाय, मास्तर,” म्हणजे असं घडलेलंच नाही, तर ते तिथेच पेन्सिलने खोडत. कधी कधी अर्धं पत्रक जाई. मला लहानपणी त्याचा राग यायचा, इतकी चांगली वाक्यं खोडतात म्हणून. मी त्यांच्याकडून आवाज घेतला होता. खोडायची सवय मात्र तिथेच किनाऱ्यावर राहून गेली.

मी ‘काही परिस्थितीत’ खोडलं. उरलं ते असं: ‘आधीच्या आवृत्त्यांत, इंटरनेट जोडणी नसताना सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर संरक्षणाचे नियम लागू होत नसत आणि तरीही दिवा हिरवा दिसे. या आवृत्तीत शेवटचे नियम सर्व्हरवर साठवलेले राहतात, आणि नियम नसल्यास दिवा पिवळा होतो.’

गुरुवारी दिवसभर पुण्याहून काही कळलं नाही. संध्याकाळी पान उघडून बघितलं तर नववी गोष्ट शब्दशः होती. प्रमुखाचा एकच निरोप होता: ‘यापुढे तपासल्याशिवाय काही पाठवू नकोस. मीही पास करणार नाही.’

मी पान छापून घेऊन शेजारी गेले आणि आंटींना सगळं सांगितलं. नोटिशीतलं वाक्य कोणाचं, तेही. त्या माशाला मीठ लावत होत्या. हात तसाच राहिला.

“तूच लिवलंस?”

“होय.”

“आणि इतके दीस माझ्या घरात येवन चाय पितंस?”

मी छापलेलं पान पुढे केलं. त्यांनी हात धुतले, कागद घेतला, सावकाश वाचला आणि मला परत दिला.

“कागद माका नको. तू ये शनिवारी. तुज्या तोंडान सांग.”

शनिवारी आम्ही एकाच एसटीने गेलो. आंटी खिडकीशी बसल्या आणि उतरेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. बैठकीत पाच विश्वस्त होते. मधोमध अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर, चष्मा कपाळावर. मी पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि प्रमाण मराठीत, शाळेत उत्तर देतात तशी, म्हटलं, “तुमच्या नोटिशीतलं ते वाक्य मूळ मी लिहिलं होतं. मी ते तपासलं नव्हतं. ते चूक होतं. यांनी काहीही बंद केलेलं नाही.”

अध्यक्षांनी नववी गोष्ट वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे कंपनी जे छापते त्यावर आम्ही विश्वास ठेवायचा नाही?”

“मी छापलं त्यावर ठेवलात, म्हणून हे झालं,” मी म्हटलं.

“आणि बाई, तुम्ही वायर काढली होती, हे खरं?”

“काढली,” आंटी म्हणाल्या. “उद्याही काढीन. राउटर जळला तर नवा यायला चार दिवस लागतात, डॉक्टर. तुम्हीच मागच्या वर्षी ओरडला होतात.”

एक विश्वस्त हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी नोटीस पुढे ओढली, तिच्यावर आडवी रेघ मारली आणि सही केली. करार पुढच्या वर्षासाठी चालू. त्या आजोबांच्या दुसऱ्या एक्स-रेबद्दल कोणी बोललं नाही. मीही नाही, आणि ते मला अजून टोचतं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर आंटी थांबल्या. गुरुवारनंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

“आता खरा सांग. ह्या नव्या यादीत अकरा गोष्टी आसत. तू स्वतः करून बघितलंस त्यो किती?”

मी मनात मोजलं. “चार.”

“आणि बाकीच्यो सात?”

“तेंनी सांगितल्यानी तशो लिवलंय.”

त्यांनी चादरींच्या खोलीचं कुलूप काढलं, पंखा लावला आणि स्वतःच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं.

“बस मगे. सातातली पयली काड,” त्या म्हणाल्या. “साडेपाचची एसटी आसा.”