होळीआधी कुत्रा द्यायचा नाही

शहाद्याबाहेर आमचं टाकलेल्या कुत्र्यांचं शेड आहे. नियम माझे, पण शेड चालतं ते सुंदरबाईमुळं. धडगावकडची बाई. अकरा हंगाम गुजरातला ऊसतोडीला गेली, गुडघा गेला तेव्हा कोयता सुटला. नवीन कुत्रा आला की दहा दिवस वेगळा बांधायचा, गोचिड्या वेचायच्या, गुळात दडवून जंताची गोळी द्यायची, डॉक्टर लस टोचतात तेव्हा तोंड धरायचं, हे सगळं तिचं. खरजेच्या कुत्र्याला मलम चोळताना त्याच्याशी आपल्या पावरी बोलीत भांडते.

लोक कुत्री कशी टाकतात ते मला विचारा. बदली झालेला साहेब लॅब्रेडॉर आमच्या दारात बांधतो. म्हणे टेम्पोत जागा नाही. सोफ्याला असते.

सुंदरबाईचा हट्ट एकच. दिवाळीनंतर आलेलं गावठी कुत्रं होळीपर्यंत कुणाला द्यायचं नाही.

"ती टाकेल नहीत, ताई. मागे राहेल शेतस. माणसं ऊस तोडाले गयात, होळीले येतीन."

"वीसच्या जागेत एकतीस आहेत, सुंदरबाई. तुझ्या होळीपर्यंत माझ्या डोक्यावर बसवू का?"

जानेवारीत मी तिचं ऐकलं नाही. एका भुऱ्या कुत्र्याच्या गळ्यात काळा दोरा होता. ती दोरा दाखवत राहिली, मी कुत्रा उमाकांतभाऊंना दिला. तापीकाठी त्यांची केळी. मी मळा बघून आले होते. सावली होती, पाणी होतं, म्हातारी आई प्रेमळ. अर्जावर सही झाली. अर्ज मीच लिहिलेला, त्याचा मला कोण अभिमान: 'मूळ मालकाने टाकून दिलेला. परत मागण्याचा कोणालाही हक्क नाही.'

होळीच्या चार दिवस आधी ऊसतोडीवरून परतलेला धडगावकडचा दोधू पावरा काळ्या दोऱ्याचा आपला भुरा शोधत शेडवर आला. स्टँडवरच्या चहावाल्यानं पाठवलेला. दिवाळीनंतर जाताना टोळीच्या मुकादमानं स्टँडजवळ ट्रकमधून कुत्रा लाथेनं खाली ढकलला होता आणि गाडी थांबवली नव्हती.

सुंदरबाई आधीच रस्त्याला लागली होती. तिघं मळ्यावर गेलो.

भुऱ्यानं दोधूला पाहिलं आणि साखळी ताणून गळा आवळून घेतला. उमाकांतभाऊ माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, हाऊ आल्यापासून रानडुक्कर बांधावर नही. माय त्याले आपल्या ताटातलं देस. आते कसा देऊ?"

मी आवाज चढवला. त्यांनी घरातून अर्ज आणला. "सही तुन्हीच शे ना?"

"काय लिव्हलंय?" दोधूनं विचारलं.

मला वाचून दाखवावं लागलं.

"मी नाही टाकला," तो म्हणाला. "मुकादमानं टाकला. मी सुरतेपर्यंत रडत गेलो, ते नाही लिव्हलं?"

"शेडमातला दुसरा लई जा ना, भाऊ," उमाकांतभाऊ त्याला म्हणाले.

"चप्पल शे का, दादा, बदली लेवाले?"

शेवटी म्हातारी बोलली, होळीपुरता न्या, पाडव्याला आणून द्या. स्वतःचाच कुत्रा त्या माणसानं वीसेक दिवस उसना घेतला. जामीन म्हणून अर्जाच्या पाठीवर अंगठा सुंदरबाईनं उमटवला. मी म्हटलं, मी सही करते. ती म्हणाली, "तुन्ही सही एक डाव व्हई गयी."

पाडवा होऊन तीन दिवस झाले. दोधू आला नाही, येणार नाही, हे तिला अंगठा देतानाच माहीत होतं. आज सकाळी उमाकांतभाऊंचा फोन आला. माय जेवत नाही, म्हणाले. डुकरांनी केळीची एक ओळ झोपवली. पोलिसात जायचं का धडगावला, हे त्यांनी मलाच विचारलं, कारण त्यांच्या लेखी खरा कागद माझा.

सुंदरबाई एका पिल्लाचे कान साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग त्याले, जामीन मी शे. केळीत मले बांध म्हना. भुंकसू मी."

तिला हसू आलं नव्हतं. मलाही नाही. धडगावची गाडी दुपारी सुटते. मी भुऱ्याला आणायला जाणार नाही, एवढं नक्की. पण म्हातारीच्या ताटासमोर बसून हे सांगायला मलाच जायला हवं, आणि चप्पल पायात घालून मी तासभर शेडच्या दारात उभी आहे.